ताई, तिची गिटार आणि कोंढ्याचा दुपारचा खेळ

ताईनं गिटार आमच्या गावी, सानगडीला, आणली तेव्हा ती जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. बाजाराचा दिवस, त्यामुळे बसस्टँडवर ही गर्दी. ओळखीच्या एका काकूनं लगेच विचारलं, "काय आणलं वो पोरी? तंबोरा?"

"गिटार, काकू."

"भजनात चालते का?"

"चालवली तर चालते," ताई म्हणाली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बाबूजींचं किराणा दुकान होतं, जोडीला थोडी धानाची शेती. मॅट्रिक झाल्यावर ताई नाकाडोंगरीला मामाकडे राहायला गेली होती, कारण मामी अंथरुणाला खिळली होती. मामा मँगनीजच्या खाणीत कारकून. मामीला इंजेक्शन द्यायला खाणीच्या दवाखान्यातली सिस्टर घरी यायची. ती दूर दक्षिणेकडची. रविवारी आपल्या खोलीत गिटारवर प्रार्थनेची गाणी म्हणायची. ताई आधी तिच्या दाराशी बसली, मग आत जाऊन बसली, आणि पुढे गिटारच मांडीवर घेऊन बसू लागली. लग्न ठरून सिस्टर गावी निघाली तेव्हा जाताना ती गिटार ताईलाच देऊन गेली.

आमच्या गावात गिटार शिकवणारं कोणीच नव्हतं. हे तिच्या पथ्यावरच पडलं असं मला आज वाटतं. पावडरच्या डब्याच्या झाकणाचा तुकडा कापून ती तारांवर असा काही मारायची, की भिंतीवरच्या पाली पळायच्या. रोवण्याला आलेल्या बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलात वाकून ज्या ठेक्यात धान लावतात, तोच ठेका तिनं गिटारवर घेतला. शब्दही तिचेच, आमच्याच बोलीतले.

त्या वर्षी शारदेच्या मंडपात पोरींची गाणी होती. सगळ्यांनी सिनेमातली म्हटली. ताई उभी राहिली, गिटार गळ्यात अडकवली आणि आवाज टिपेला नेऊन सुरू झाली, "माहे पाय बांधीत, तुही छत्री बांधावर!"

मागची पोरं आधी हसली. पुढं बसलेले शेतमालक चुळबुळायला लागले, कारण रोवण्याच्या वेळी बांधावर छत्री धरून तेच उभे असायचे. गाणं संपलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मग बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "अजून एकदा म्हण वो!" तिनं परत म्हटलं, आधीपेक्षा जोरात.

पुढं भंडाऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात तिला घेतलं. तिथं तिनं पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार हातात धरली. पण मालकाचं म्हणणं वेगळंच होतं. "गिटार पोरांले वाजवू दे. तू माईक धर अन् जराशी लचक."

"मी लचकाले नाही आली, वाजवाले आली," असं सांगून ती संध्याकाळच्या बसनं घरी परतली. त्यानंतर कित्येक दिवस तिनं तारांना हात लावला नाही. गिटार खुंटीवर टांगलेली. मला भीती वाटली, संपलं सगळं.

तेवढ्यात नाटक कंपनीचा निरोप आला. धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. त्यांना गाणारी नायिका हवी होती. बाबूजी भडकले. "नाटकात? लोक काय म्हणतीन?"

माय चुलीपुढून म्हणाली, "लोकं तर तिकीट काढून पाहातेत. तुमी बी पाहाता. मग आपल्याच पोरीले काहून नाही?"

बाबूजींनी एकच अट घातली, धाकटीला सोबत न्यायचं. धाकटी म्हणजे मी. म्हणून तालमीत आणि विंगेत मी कायम होते, हे माझं भाग्य.

नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या बाईची भूमिका होती. शेवटी नवरा क्षमा मागतो आणि ती रडत त्याच्या पायांवर पडते, असं लिहिलेलं. ताई तालमीत अडून बसली. "क्षमा तो मागून राहिला, मग पाया मी कायले पडू?"

"लोकांले रडणं पायजे, बाई," दिग्दर्शक म्हणाले.

"रडीन मी. पण उभी राहून रडीन."

दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला, पण करून बघू म्हणाले. नाटक घेऊन कोंढ्याला गेलो तेव्हा पाणी भरायला आलेल्या बाया ताईला म्हणाल्या, "आमाले कुठचं पाहाले मिळते? थंडीत लेकरं घेऊन रातभर कोन बसन?" ताई तडक मॅनेजरकडे गेली आणि एक खेळ दुपारी लावायला सांगितलं. "दुपारी कोन येते नाटक पाहाले?" तो म्हणाला. "बाया येतीन," ताई म्हणाली.

आणि आल्या की! कडेवर लेकरं, काहींच्या हातात अजून गवत कापायचे विळे. कनातीतून ऊन आत येत होतं, स्टेजवरचा रंग सगळा उघडा पडला होता. शेवटचा प्रवेश आला. नवरा वाकला. ताई ताठ उभी, डोळ्यांतून धार. एकदम पुढची एक बाई उठून ओरडली, "नको जाऊ वो माय त्याच्या घरी!" पाठोपाठ दुसरी, तिसरी. नवऱ्याचं काम करणारा नट खरंच घाबरून दोन पावलं मागं सरकला. विंगेत मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. अशी बाई माझी बहीण आहे, हे मला त्या दुपारी नव्यानं कळलं.

त्या हंगामानंतर कंपनीनं दुपारचे खेळ बंद केले नाहीत. ताईसाठी मुद्दाम भूमिका लिहिल्या जाऊ लागल्या. कॅसेटचा जमाना आला तेव्हा नागपूरला तिची स्वतःची कॅसेट निघाली. मी सोबत होतेच. रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं, "वेष्टनावर काय छापू? भक्तिगीतं, लोकगीतं की भावगीतं?"

ताई म्हणाली, "माही गाणी, असं छापा."

बाबूजींनी दुकानात टेपरेकॉर्डर आणून ठेवला. साखर घ्यायला आलेल्या एका परगावच्या गिऱ्हाईकानं कान टवकारून विचारलं, "कोन वो ही, एवढ्या जोरानं गाऊन राहिली?"

"माही पोरगी," बाबूजी म्हणाले आणि पुडी बांधता बांधता त्यांनी आवाज आणखी वाढवला.