गांदेचा गुडघा आणि दोन डुकरं

फिलोमेनाच्या जिभेला हाड नव्हतं, हे डोंगरातल्या कुंदियावाच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाई मनाची साफ. तिच्याकडे उकडलेल्या शेंगा घेतल्या की एक मूठ जास्तीची मिळायची आणि वर दोन शब्द फुकट. "गेल्या खेपेला टरफलं माझ्याच पायाशी टाकलीस ना रे? आता घरी जाऊन खा."

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेंगा आणि रताळी विकून तिनं एकुलत्या एका गांदेला वाढवलं. पोरगा विसाव्या वर्षी गावच्या रग्बी लीग संघात विंगवर, मैदानाच्या कडेनं, असा काही पळायचा की म्हातारेकोतारे काठी टाकून उभे राहायचे. राजधानीतल्या, पोर्ट मोर्सबीच्या मोठ्या संघानं त्याला बोलावलं होतं. इथले चार सामने उरकायचे, की विमानात बसायचं. त्या निरोपाच्या जेवणासाठी फिलोमेनानं तीन वर्षं पोसलेली डुकरीण राखून ठेवली होती. तिला ती मॅडम म्हणायची, कारण उकडल्याशिवाय रताळ्याला ती तोंड लावत नसे.

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळं गाव मैदानावर लोटलं. सामना नदीपलीकडच्या गावाशी. फिलोमेना तारेच्या कुंपणाशी पथारी मांडून बसली, नेहमीसारखी मैदानाकडे पाठ करून. गांदेच्या हातात चेंडू आला की तिला बघवत नसे. लोक म्हणायचे, बाईला खेळाचं काही पडलेलं नाही. म्हणू देत, काय बिघडतं?

एकदम आरडाओरडा झाला. वळून पाहते तो गांदे चिखलात आडवा आणि त्याच्या अंगावर पलीकडच्या गावचा धिप्पाड सिऊने. बस्स. फिलोमेनाच्या तोंडाचा पट्टा सुटला. "त्या धटिंगणानं मोडला माझ्या पोराचा पाय. मी बघितलंय."

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारानंच ते बघितलेलं होतं. जे त्या दिवशी मैदानाकडे फिरकलेही नव्हते, ते सिऊनेनं कुठलं कोपर कसं घातलं ते करून दाखवत होते.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातला बंध तुटलाय. हा हंगाम संपला. नीट काळजी घेतली तर पुढच्या वर्षी पळेल. गांदे भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पण लोक त्याला कुठले पडू देतात! बोमाई म्हातारा गरम केलेला पाला घेऊन आला आणि नर्सच्या नाकावर टिच्चून बांधून गेला. संघातल्या पोरांनी पाइनच्या लाकडाच्या कुबड्या करून त्यांना संघाचा लाल रंग फासला. रंग ओला होता, गांदेच्या काखा चार दिवस लाल. बाजारातल्या बायका पाळीपाळीनं फिलोमेनाच्या पथारीवर शेंगा विकायला बसल्या आणि एकीनंही तिला ते बोलून दाखवलं नाही. फिलोमेनाला भरून यायचं. एवढी माणसं आपली आहेत, हे तिला अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

तरण्या पोरांचं प्रेम मात्र वेगळंच होतं. त्यांनी पुलावर ओंडका आडवा टाकला आणि पलीकडच्यांना येणंजाणं बंद केलं. सिऊनेच्या आईची भाजी घरातच सडायला लागली. आज ओंडका आहे, उद्या कोयते निघतील, हे सगळ्यांना दिसत होतं.

सहाव्या दिवशी घरी आलेला गांदे म्हणाला, "आई, सिऊनेनं मला हात लावला नव्हता."

"मग तुझ्यावर काय ऊन खात पडला होता?"

"माझा पाय खड्ड्यात गेला. गुडघा आपोआप फिरला. मागून दोन्हीकडचे पाच-सहा जण धडधडत येत होते. पायावर कोणी पडू नये म्हणून तो माझ्यावर आडवा झाला. बूट त्याच्या पाठीत बसले."

"आणि हे आज सांगतोस?"

"तू कुणाला बोलू दिलंस?"

उभ्या आयुष्यात फिलोमेनानं एक शब्द मागे घेतला नव्हता. आता काय बाजारात उभं राहून सांगायचं, की मी पाठ करून बसले होते?

दुसऱ्याच दिवशी पलीकडचं गाव तिच्या दारात आलं. त्यांना डुक्कर घेऊन येताना पाहून पोरांनीच ओंडका बाजूला केला. पुढे सिऊनेचा मामा, मागे बांबूला बांधलेलं डुक्कर, उसाच्या मोळ्या, केळीचे घड. सगळ्यात मागे सिऊने, मान खाली घालून. आमच्याकडे जखमी पोराच्या आईचं पोट रागानं पेटलं की आधी ते थंड करायचं, खरं-खोटं मागाहून. डुक्कर घेतलं की भांडण मिटलं. पण डुक्कर घेतलं की सिऊने जन्मभर पाय मोडणारा ठरला. आणि नाकारलं तर पुलावर काय होईल ते सांगायला नको.

मामा म्हणाला, "ताई, राग गिळून हे घे. पोराचं चुकलं."

फिलोमेना सिऊनेपाशी गेली. "शर्ट काढ."

तो घाबरला. मग काढला त्यानं. पाठीवर खिळ्यांच्या बुटांचे काळेनिळे वळ होते, खांद्यापासून कमरेपर्यंत. फिलोमेनानं एकावर हळूच बोट ठेवलं, तसा तो कळवळला.

"हे माझ्या पोराच्या गुडघ्यावर पडायचे होते," ती मोठ्यानं म्हणाली. "ह्यानं अंगावर घेतले. आणि मी काही बघितलं नव्हतं. माझी पाठ होती मैदानाकडे. मला बघवत नाही, म्हणून मी बघत नाही. काय हसायचं ते हसून घ्या."

कोणी हसलं नाही. पोरांबरोबर पुलावर बसणारा बोमाई म्हणाला, "अगं, मग आम्ही आठवडाभर पुलावर काय करत होतो?"

"झोपा काढत होतात. दुसरं काय येतं तुम्हाला?"

आता मात्र दोन्ही गावं हसली. फिलोमेना घरामागे गेली आणि मॅडमला घेऊन आली. दोरी तिनं सिऊनेच्या हातात दिली. गांदे कुबड्यांवर उठून म्हणाला, "आई, ही तर माझ्या निरोपाची."

"तू पुढच्या वर्षी जाशील. तोवर दुसरी पोसते. ह्याचे उपकार पुढच्या वर्षावर कसे टाकू?"

अंगणात एकच मोठा खड्डा खणला, दगड तापवले, केळीच्या पानांत दोन्ही डुकरं एकत्र शिजली. कुणाच्या पानात कुठलं गेलं ते कुणाला कळलं नाही. मॅडम मऊ लागली म्हणे. फिलोमेनानं नुसती रताळी खाल्ली.

पुढच्या रविवारी सिऊनेनं गांदेला पाठुंगळीला घेऊन मैदानावर आणलं. पलीकडच्या गावानं उभं राहून गांदेच्या नावानं गाणं म्हटलं. फिलोमेनानं त्या दिवशी पथारी मैदानाकडे तोंड करून मांडली. आज आपलं पोर खेळत नाही, तेव्हा बघू एकदाचं, म्हणाली. शिट्टी वाजली. दोन मिनिटांत चेंडू सिऊनेच्या हातात आला, आणि तिनं पटकन पाठ फिरवली.