पिशवीवरचं कणीस

वस्तू समोर असल्याशिवाय मी चित्र काढत नाही. सत्तरच्या दशकात जालन्यात, मस्तगडला माझी एक खोली होती. तिथं मी लेबलं, पुडे, पिशव्या यांवरची चित्रं काढायचो, आणि ही खोड धंद्याला परवडणारी नव्हती. उदबत्तीच्या पुड्यावर मोगरा हवा असेल तर गिऱ्हाइकाला सांगायचो, आधी मोगरा आणा. बाकीचे पेंटर जुन्या कॅलेंडरावरून उतरवून मोकळे व्हायचे आणि मला हसायचे. हसोत बापडे. त्यांच्या फुलांच्या सगळ्या पाकळ्या एकसारख्या असायच्या.

माझा शाळेपासूनचा मित्र बियाणं विकायला लागला होता. हायब्रीड ज्वारीचा नवा वाण काढला तेव्हा पिशवीसाठी चित्र मागायला आला. मी म्हणालो, कणीस आण. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

"घे आर्टिस्ट, ह्याच वाणाचं हाय. बराबर असंच काढ."

काय कणीस होतं! भरगच्च, मुठीत न मावणारं. मी ते खिडकीत टांगलं. मांजरपाटाच्या पिशवीवर दोनच रंग छापता यायचे, हिरवा आणि तपकिरी. पांढऱ्या दाण्याचं काय करायचं, यात चार दिवस गेले. मग सुचलं की दाणे काढायचेच नाहीत. दोन दाण्यांमधल्या फटीत सावली भरायची आणि कोऱ्या कापडालाच दाणा होऊ द्यायचं. पिशवी छापून वाळली तेव्हा मित्रानं कणसावरून अंगठा फिरवला, दाणे हाताला लागतात का म्हणून. इतकं चांगलं चित्र मी तोवर काढलं नव्हतं.

हौसेनं एक पिशवी मी शहागडला मामांना नेऊन दाखवली. मामा घरचंच बी पेरणारे, हायब्रीड म्हटलं की नाक मुरडायचे. त्या साली मात्र त्यांनी सगळ्या रानात तेच पेरलं.

पोळा झाल्यावर मी मुद्दाम गेलो. माझं चित्र मला रानात उभं पाहायचं होतं. ज्वारीची ताटं एक कमरेएवढं तर एक डोक्यावर, कणसं विस्कटलेली, निम्म्यांत दाणाच नाही. बांधापलीकडच्या रानात गावरान ज्वारी चांगली भरली होती, म्हणजे पावसाला बोल लावायचीही सोय नव्हती. चित्रातल्यासारखं एक कणीस मला त्या रानात सापडलं नाही.

तडक जालन्याला येऊन मित्राला गाठलं. तो निवांत सुपारी कातरत बसला होता.

"ते कणीस कुठलं होतं?"

"दुसऱ्याच्या रानातलं, दुसऱ्याच वाणाचं. आपलं तवा कुठं आल्तं? तूच अडून बसल्ता, कणीस आण म्हणून. मंग आणलं. तू काय खोटं काढलं का? न्हाई ना?"

केसानं गळा कापला माझा. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन विसरलो असतो. यानं माझी खोड शाळेपासून पाहिलेली होती आणि नेमकी तीच वापरली होती. मी नको नको ते बोललो. त्याची सुपारी काही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शहागडला गेलो. मामा बैलांपुढं हिरवी ताटं टाकत होते. मी सगळं सांगितलं. म्हणालो, मामा, मलाही फसवलं त्यानं. वाटलं, आता ते मित्राचा उद्धार करतील.

"त्याला मी कुठं वळखतो?" मामा म्हणाले. "दुकानदार वाणाचं सांगू लागला, मी म्हणलं राहू द्या. आमच्या भाच्यानं काढलंय, त्यो पाहिल्याबिगर काढत न्हाई. गावातल्या दोघांना बी तेच सांगून घ्यायला लावलं." हातातली पेंढी त्यांनी खाली ठेवली. "आता त्यांच्याकडं तू जातो, का मी जाऊ?"

जातो म्हणालो. आणि संध्याकाळच्या एस.टी.नं जालन्याला निघून आलो. मामांना एकट्यालाच जावं लागलं.