सिस्टरची सही

चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या बाईला रिटायर झाल्यावरही सगळे सिस्टरच म्हणायचे. तोंडाने फटकळ, पण इंजेक्शन असं द्यायची की पेशंटच विचारायचा, "झालं?" असली पक्की बाई बँकेतल्या एका गोडबोल्या साहेबाच्या नादी लागून फसली. "मॅडम, अगदी सुरक्षित," म्हणत त्याने तिची आयुष्यभराची पुंजी कुठल्याशा योजनेत घातली. सिस्टरने बारा पानं न वाचता बारा सह्या ठोकल्या. त्यात तिला काही वावगं वाटलंच नाही. ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या माणसांपुढे कागद धरून "वाचत काय बसता, करा सही," असं तिनेच हजारोंना दटावलं होतं. तिथे जबाबदारी डॉक्टर घ्यायचा, इथे साहेब घेईल, अशी तिची भाबडी समजूत.

मग बाजार कोसळला, योजना बुडाली आणि साहेबाला बढती मिळाली!

आता बँकेने नवा कागद काढला होता. सही करा, चौथा हिस्सा परत घ्या. मुलगा म्हणाला, "आई, मिळतंय ते पदरात पाडून घे. कुणाकुणाशी भांडणार तू?" म्हणून ती गेली. टेबलामागे तोच साहेब, रांगेत सगळी पिकली डोकी. पुढे एक रिटायर झालेला बसड्रायव्हर, पेन हातात घेऊन तयार. या खेपेला सिस्टरने चष्मा लावला. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं: 'धोक्याची पूर्ण कल्पना मला दिली होती. माझी काही तक्रार नाही.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, ही कल्पना कधी दिलीत मला?"

"मॅडम, बाजार पडला, त्याला आम्ही काय करणार?"

"बाजार पडला तेव्हा तुमचं कमिशन पडलं का हो?"

साहेब घसा खाकरत म्हणाला, "सही नाही केलीत तर कदाचित काहीच मिळणार नाही."

"ठाऊक आहे. घर कसं चालवू या काळजीने झोप उडालीय माझी. पण पैसे बुडवलेत ते बुडवलेत, वर खोटंही मीच लिहून देऊ?"

तिने खुर्ची ओढली, दाराशी बसली आणि येईल त्याला ते वाक्य वाचून दाखवू लागली. चाळीस खाटांच्या वॉर्डात या टोकापासून त्या टोकाला पोचणारा आवाज तो! ड्रायव्हरने पेन खिशात टाकलं.

दुपारी मुलाचा फोन आला. "केलीस सही?"

"नाही. अजून अकरा जणांनीही नाही केली. बँक पाचला बंद होते, तोवर मी इथेच आहे. तू जेवून घे."