गुणाजींच्या अकरा कॅसेटी

गुणाजीकाका भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ते आले माफी मागायला.

डोंबिवली पूर्वेला माझं छोटं दुकान आहे. हँडीकॅमच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि त्यांच्या डीव्हीडी करून द्यायच्या, हा माझा धंदा. आता डीव्हीडी कोण बघतं रे, असं दिवसातून एकदा तरी कोणीतरी मला ऐकवतो आणि वर फुकटचा सल्ला देतो. बघतात. ज्यांचा बाप गेलेला असतो, कॅसेटीत तो वरातीत नाचत असतो आणि कॅमेरा मोडीत गेलेला असतो, असे सगळे बघतात.

काका मार्च महिन्यात आले. सत्तरीच्या पुढचे, काळेसावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत रबरी चपला. पिशवीतून त्यांनी डीव्हीडीचे अकरा डबे काढून काउंटरवर मांडले. डब्यांवर माझ्याच दुकानाचं स्टिकर होतं.

"पोरा, तुना जरा तरास देतय," ते म्हणाले. "यात गानी वाजतात, पन तिचा आवाज नाय. तुझी चूक नाय हां. माझाच माइक बंद व्हता. फक्त एवढं बघ, कुठं चुकूनमाकून ऱ्हायला असंल, तर तेवढा काढून दे."

मला डबे ओळखू आले.

त्याआधी काकांबद्दल सांगायला हवं. काका भोपरचे आगरी. २००२ साली त्यांनी हँडीकॅम घेतला, गावातला पहिला. गावाने त्यांना डोक्यावर घेतलं आणि वर्षभरात खाली ठेवलं, कारण काकांचं शूटिंग. कोणाच्याही लग्नात कॅमेरा घेऊन जायचे आणि लावायचे तो आपल्या बायकोवर. बायको आवडाबाई. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवळा म्हणतात, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालतं, ती लागतेच. "गुणाजी, नवरी तिकडं बसलीय, कॅमेरा तिकडं फिरव!" म्हणून लोक ओरडायचे. काका मान डोलवायचे आणि कॅमेरा जागचा हलवायचे नाहीत. नवरीच्या आईने पुढे सहा महिने अबोला धरला तरी चालेल.

आणि यात नुसतं बायकोचं कौतुक नव्हतं. धवळा लग्नातच गायचा, एरवी नाही, असा आवडाबाईंचा नेम. घरात भांडी घासताना काकांनी कितीही विनवण्या केल्या तरी त्या ओठ उघडायच्या नाहीत. अवेळी गायलं तर देव म्हणतील, लगीन कुठंय? लिहिता येत नव्हतं, त्यामुळे वही नव्हती. साठ-सत्तर धवळे, सगळे डोक्यात. ते पकडायचे तर दुसऱ्याच्या लग्नातच पकडायचे, आणि काकांनी अकरा लग्नांत ते पकडले होते.

सहा वर्षांपूर्वी आवडाबाई गेल्या. आता यंदाच्या वैशाखात नात करिश्माचं लग्न होतं. गावात सगळे धवळे येणारी बाई उरली नव्हती. काकांची सून शिकायला तयार होती. कॅसेटी ऐकायच्या, पाठ करायच्या आणि करिश्माच्या मांडवात आवडाबाईंचे धवळे गायचे, असं घरात ठरलं. काकांना त्या लग्नातून दुसरं काही नको होतं.

कॅसेटी त्यांनी दिल्या पुतण्याकडे, सुदेशकडे. सुदेशचा ठाण्यात टेंभी नाक्याजवळ लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. पोरगा कॅमेरा शिकला तो याच हँडीकॅमवर, काकांच्या मांडीवर बसून. जुन्या कॅसेटी चालवणारं यंत्र त्याच्याकडे नव्हतं, म्हणून गेल्या सप्टेंबरात त्याने कॅसेटी माझ्याकडे टाकल्या. एका तासाची कॅसेट उतरवायला पुरता एक तास लागतो, त्यात घाई चालत नाही. माझे तीन दिवस गेले. मला नवल वाटलं होतं, अकरा लग्नं, नवरी दर वेळी वेगळी, आणि पडद्यावर बाई तीच. सुदेशने सांगितलं होतं, मूळ फाइल हार्डडिस्कवर मला दे आणि डीव्हीडीवरचा आवाज काढून वर सिनेमाची गाणी टाक, तात्यांना तसंच हवंय. हे तात्या म्हणजे काकाच. लग्नाच्या व्हिडिओत आम्ही नेहमी तेच करतो. जनरेटर, पोरांची रड, आचाऱ्याच्या शिव्या कोणाला हव्या असतात? मी केलं, डिस्क आणि कॅसेटी त्याला परत दिल्या आणि पंधरा दिवसांनी माझ्याकडची फाइल पुसून टाकली. तो दुकानाचा नियम आहे.

"माइक बंद होता असं कोण म्हणालं?" मी काकांना विचारलं.

"सुदेश. म्हनला, तात्या, एका पन टेपवर आवाज उतरला नाय. म्हनून गानी टाकली."

मी गप्प राहू शकलो असतो. धंद्यात दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींत पडू नये हे मला कळतं. पण तो माणूस स्वतःला दोष देत उभा होता आणि मला ते बघवेना.

"काका, आवाज होता," मी म्हणालो. "अकराच्या अकरा कॅसेटींवर होता. मी स्वतः उतरवलाय."

काका स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मग मी सा महिने तिच्या फोटोम्होरं माफी मागतंय, ती कनाला?"

माझ्याकडची फाइल पुसल्याचं मी त्यांना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "तुना काय म्हाईत," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर ठाण्याला गेलो.

सुदेश मोठा गोड माणूस. आम्हाला बघून उठला, काकांच्या पाया पडला, चहा सांगितला. काकांनी चहाला हात लावला नाही.

"तिचा आवाज व्हता म्हनं," ते म्हणाले.

सुदेशने माझ्याकडे बघितलं. मग हसला. "तात्या, सरप्राइज होतं ना तुम्हाला! करिश्माच्या हळदीला देणार होतो." त्याने कॉम्प्युटर चालू केला आणि दोन मोठे स्पीकर लावले. आधी बेंजो, मग ढोल, मग छाती हलवणारा डीजेचा ठोका, आणि त्या ठोक्यावर एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजातल्या चार ओळी, पुन्हा पुन्हा, कधी भरभर, कधी तुटक. हे गाणं मी ऐकलं होतं. शहाडपासून टिटवाळ्यापर्यंत त्या सीझनला एक हळद याच्याशिवाय झाली नव्हती. पडद्यावर नाव होतं डीजे सुदेश. "धा लाख लोकांनी ऐकलंय तात्या," तो म्हणाला. "काकी फेमस झाली!"

काकांनी ते गाणं संपेपर्यंत ऐकलं. हात मांडीवर, मान खाली. मला वाटलं रडतील, पण ते रडले नाहीत.

"बाकीचं कुठंय?"

"बाकीचं कुठं ठेवू तात्या? डिस्क कामाला लागते. चार ओळी ठोक्यात बसत होत्या, त्या घेतल्या."

"कॅसेटी?"

"भंगारात गेल्या."

"मना खोटं कनाला बोललास?"

इथे पहिल्यांदा सुदेशचं हसू गेलं. "खरं सांगितलं असतं तर करू दिलं असतंत? लग्नाबाहेर धवळा वाजवायचा नाही म्हणून सगळं गाव माझ्या दारात आणलं असतंत. ओळखतो मी तुम्हाला."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. चुकून झालं असतं, अडाणीपणाने झालं असतं, तर मी समजू शकलो असतो. काका काय म्हणतील हे तो पक्कं ओळखून होता, आणि म्हणूनच त्याने त्यांना त्यांच्याच नजरेत गुन्हेगार करून ठेवलं. माझं डोकं सणकलं. "लाज वाटत नाही का रे?" मी ओरडलो. "मांडीवर बसवलं त्या माणसाने तुला!"

"तू गप," सुदेश म्हणाला. "आवाज काढला कोणी? मी की तू?"

काका उठले. पायऱ्या उतरताना त्यांचा तोल गेला तेव्हा मी हात धरला, आणि त्यांनी तो धरू दिला.

नाक्यावर उसाच्या रसाचं दुकान आहे, तिथे आम्ही बाकड्यावर बसलो. शेजारी कॉलेजची पोरं मोठ्याने खिदळत होती. काकांनी अर्धा ग्लास रस प्यायला, तोंड पुसलं, शर्टाच्या खिशातून एक लहानशी वही आणि पेन काढलं. मला वाटलं कोणाचा तरी फोन नंबर शोधतायत.

"तू तर सगलं ऐकलंस ना?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. "अकरा तास. मी त्या टायमाला कॅमेरा सांभाललाय, मना तुटक तुटक येतं. मांडवाचा धवला झाला का मग ती कंचा घ्यायची? सुरवात जरी सांगितलीस तरी चालंल. चाल चुकली तरी चालंल. जेवढं याद हाय तेवढं सांग, सून बसवील."

त्यांनी चष्मा लावला आणि वही मांडीवर उघडली.

कॅसेट चालू केली की पहिल्या मिनिटाला मी स्पीकर बंद करतो. आमच्या धंद्यातले सगळेच करतात, नाहीतर लोकांची लग्नं ऐकून वेड लागेल. आवाज उतरतोय की नाही ते पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यांवरून कळतं. ती बाई तीन दिवस माझ्यापासून दोन हातांवर गात होती आणि मी मोबाइलवर मॅच बघत होतो.

"काका," मी म्हणालो, "मी ऐकलं नाही."

"एकपन नाय?"

"एकपण नाही."

"मग काल बोललास, आवाज व्हता?"

मी त्यांना हिरव्या पट्ट्यांबद्दल सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पेनाला टोपण लावलं, वही खिशात ठेवली आणि बाकड्यावर माझ्यापासून थोडे लांब सरकून बसले.