अण्णांच्या चित्रातल्या मुंग्या

दवाखान्यातून जोतीअण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही उलटी जोडत होते. पुढचे दोन दिवस मशीन बंदच ठेवलं. अण्णा असते तर म्हणाले असते, "बरं झालं, पेठेतल्या बाया वाचल्या." आता महिना होत आला, तरी त्यांच्याविषयी रडत लिहायला बसावं तर... हसूच येतं.

अण्णा आमचे शेजारी. गूळ बाजारात एका अडत्याकडे गूळ पारखायचे आणि घरी येऊन चित्रं काढायचे. कोळसा, चहाचं पाणी, एसटीची तिकिटं, उसाची चिपाडं, सगळं एकाच कागदावर. त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा शेजारधर्म म्हणून मी गेले, तेही चष्मा घरी विसरून. गुऱ्हाळाच्या चित्रापुढं मात्र पाय थांबले. कोळशानं काढलेली रस उकळायची काहील, भोवती चिकटवलेली चिपाडं आणि खालच्या कोपऱ्यातून काहिलीपर्यंत वाकडीतिकडी गेलेली काळ्या ठिपक्यांची रांग... मला वाटलं, अण्णांनी चक्क कागदावर काळ्या दोऱ्यानं गाठींचा टाका घातलाय! मी आयुष्यभर चिंध्यांच्या वाकळा शिवल्या, पण पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. दोरा असा मोकळा हिंडू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. घरी येऊन अर्धवट वाकळ काढली आणि काळा दोरा जाईल तिकडं जाऊ दिला.

ती वाकळ बघायला लांबून लोक आले. "बाई, ही तुमची स्वतःची शैली," म्हणाले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी अण्णांकडं जाऊन कबूल केलं, "अण्णा, गुऱ्हाळाच्या चित्रातला तुमचा टाका मी उचलला."

"कसला टाका?"

मी सांगितलं. अण्णा ठसका लागेपर्यंत हसले. "अगं सुले, मुंग्या हुत्या त्या! रंगात काकवी घातलती मी. लोकांनी बघायच्या आधी मुंग्यांनीच चित्र चाटून खाल्लं की!" सगळी हयात गुळात गेलेल्या माणसाला गुळाला मुंग्या लागतात हे सुचू नये, म्हणजे कमालच.

"मग ही नक्षी माझी म्हणू का न्हाय?"

"मुंग्यांची हाय. त्यांस्नी इचार."

मला सरळ उत्तर हवं होतं. ते मिळेना, म्हणून कुणी कौतुक केलं की मी चोरासारखी खाली बघायची. पुन्हा पुन्हा विचारलं, पण दर वेळी "काय म्हणाल्या मुंग्या?" एवढंच. आणि तसेच गेले. खरं सांगते, दुःखाइतकाच मला त्यांचा राग आला होता.

गेल्या आठवड्यात त्यांच्या बायकोनं, काकीनं, हाक मारली. "सुले, ये की जरा. ह्यांनी माझ्या सुया कुठं घातल्यात, बघ." अण्णांच्या खोलीत ट्रंकेमागं कागदांचं भेंडोळं निघालं. गेल्या वर्षभरातली चित्रं. प्रत्येकावर कोळसा, चिपाडं आणि त्यातून ओवलेला खराखुरा काळा दोरा. कुठं कागद फाटलेला, कुठं गाठ सुटलेली, मागच्या बाजूला तर नुसता गुंता. शेवटच्या चित्रात सुई तशीच अडकलेली होती आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'सुलूचा टाका. आज बी जमला न्हाय.'

मी तिथंच बसले आणि पोटभर रडले. काकी वाकून बघत म्हणाली, "कसलं घाण शिवलंय गं ह्यांनी! उसवून नीट घाल की तू."

"नगं काकी, राहू दे," मी म्हटलं. "शिकत हुते अण्णा."