बाजूनं पाहणारा

साकोलीच्या दुकानात सवलतीतला मोठा टीव्ही पसंत करून मी बिल करायला सांगणारच होतो. तेवढ्यात धोतर नेसलेला एक म्हातारा आला, चपला दाराशी काढल्या आणि त्याच टीव्हीसमोर फरशीवर मांडी घालून बसला.

"काका, खुर्ची घ्या ना," दुकानदार म्हणाला.

"घरी खुर्चीवर कोन बसते, बापा?"

मग तो बसल्या बसल्या पार भिंतीपर्यंत सरकला आणि तिथून तिरकं पाहू लागला.

"इकडून चित्र फिकं दिसून राहिलं."

"समोरून पाहा ना, काका. मस्त दिसते."

"समोर मी बसतो. बुढी रांधता रांधता इकडूनच पाहाते."

चपला घालून तो निघून गेला. मी त्याच्या जागेवर जाऊन बसलो. आमच्या घरी आईची खाट त्याच बाजूला आहे.