ब्रेकच्या चकतीची जाडी

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक माझी, साधी. दुसरी बायकोची: बावीस वर्षं जुनी, दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार. आम्ही जर्मनीत, एश्बॉर्न गावाच्या वर टेकडीवर राहतो. ती रोज याच गाडीने ऑफिसला जाते आणि पहिले चार किलोमीटर सगळा उतार आहे. गाडी तिची असली तरी दुरुस्ती मी बघायचो.

गेल्या पानगळीत ब्रेक दाबला की पुढून खरखर यायला लागली. मी गाडी गावातल्या गॅरेजमध्ये नेली. मालक स्वतः माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन सनद मिळवलेला मेकॅनिक. चाकं काढून बघितल्यावर त्याने सांगितलं, "पॅड संपलेत. आणि डिस्कही बदलायला हव्यात. जाडी २१.६ मिलिमीटर उरली आहे, किमान २२ लागते."

मला लगेच संशय आला. पॅडसाठी आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात डिस्क मारायच्या, ही युक्ती मी पुण्यात पुष्कळदा पाहिली होती. शिवाय त्याने मोजलं तेव्हा मी तिथे नव्हतो. विचार करून सांगतो, म्हणून मी गाडी घरी आणली, जॅक लावला आणि माझ्या व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही डिस्क मोजल्या. प्रत्येकी तीनदा. सहाही वेळा २३.४. आकडे कागदावर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद त्याच्यापुढे ठेवला.

"फक्त पॅड बदला," मी म्हणालो.

त्याने कागद नीट वाचला. "कुठे मोजलंत?"

"डिस्कवर. आणखी कुठे मोजणार?"

तो काहीतरी सांगणार होता, पण मी म्हणालो, मीही इंजिनियर आहे. त्यावर त्याने एक फॉर्म काढला: डिस्क बदलण्याचा सल्ला दिला, ग्राहकाने नकार दिला. माझा संशय आणखी वाढला. खरं बोलणारा माणूस आधीच हात कशाला झटकेल? मी सही केली. बायकोला म्हणालो, ब्रेकचं काम झालं.

अकरा दिवसांनी ती म्हणाली, "उतारावर पेडल थरथरतं रे. आज सिग्नलला अर्धी गाडी झेब्रा पट्ट्यांवर गेली."

मला वाटलं, डिस्क घेतल्या नाहीत म्हणून त्याने हलके पॅड बसवले. तावातावाने गेलो. त्याने चाक काढलं आणि माझं बोट धरून डिस्कच्या कडेवरून फिरवलं. कडेला एक उंच काठ होता. पॅड तिथवर पोचत नाहीत, म्हणून तो झिजत नाही. माझ्या कॅलिपरचे सरळ जबडे दोन्ही बाजूंनी त्या काठावरच टेकले होते. मग त्याने मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. त्याची टोकं आतल्या, झिजलेल्या भागापर्यंत जातात. मी स्वतः वाचलं: २१.५.

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. एवढंच.

गाडी तिथेच ठेवली. नव्या डिस्क आणि पुन्हा नवे पॅड बसेपर्यंत मी बाकावर बसून होतो. सहा वेळा तीच चूक केली, म्हणून आकडा सहा वेळा सारखा आला होता. सारखा आला, म्हणून मी तो खरा मानला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. फॉर्मचंही.

"म्हणजे डिस्क बदला असं त्याने लिहून दिलं होतं?"

"हो."

"आणि मी रोज उतरत होते."

"मला वाटलं तो फसवतोय."

"तुला काय वाटायचं ते वाटू दे. मला सांगितलं का नाहीस? सांगितलं असतंस तर मी ट्रेनने गेले असते."

तिने टेबलावरची किल्ली उचलली, गाडीच्या कागदांची फाइल माझ्या कपाटातून काढून आपल्या कपाटात ठेवली आणि म्हणाली, "यापुढे माझ्या गाडीसाठी सही मी करणार."

पुढच्या तपासणीला ती एकटीच गेली.